घरच्या शेडसाठी हवेच्या कॉम्प्रेसरची निवड

गावच्या लोहाराचा भाता सर्वांच्या परिचयाचा आहे. भाता उघडला की हवा आत येते, दाबला की तीच हवा नळीच्या तोंडातून जोराने बाहेर पडते आणि निखारा फुलतो. हवा कोंडून, दाबून तिच्याकडून काम करून घेण्याची ही कला आपल्या खेड्यांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. कॉम्प्रेसर हे यंत्र त्याच तत्त्वावर चालते. भात्याच्या कातड्याच्या जागी लोखंडी सिलिंडर व दट्ट्या आला, हाताच्या जागी मोटर आली आणि दाबलेली हवा साठविण्यासाठी टाकी जोडली गेली, एवढाच फरक.

बीड जिल्ह्याच्या केज तालुक्यातील युसूफ वडगाव व आसपासच्या गावांत बैलजोडीबरोबरच ट्रॅक्टर, ट्रॉली, पेरणीयंत्र, मळणीयंत्र व मोटारसायकल ही शेतकऱ्याची नित्याची साधने झाली आहेत. या साधनांना पंक्चर, गळकी ट्यूब, धुळीने भरलेला रेडिएटर किंवा तुंबलेली नळी हे दुखणे नेहमीचेच. वाफसा आलेल्या रानात पेरणी चालू असताना ट्रॅक्टरचे चाक बसले, तर केज किंवा अंबाजोगाईला चाक नेऊन परत आणण्यात दिवस मोडतो. ओल मात्र त्या दिवसाची वाट पाहत नाही. उसाने भरलेली ट्रॉली रात्री रस्त्यात अडली, तर अडचण आणखी मोठी. यास्तव घरच्या शेडमध्ये लहानसा कॉम्प्रेसर असावा, असा विचार अनेक शेतकरी बंधूंच्या मनात येतो. विचार योग्य आहे. पण यंत्राची निवड चुकल्यास पैसा अडकून पडतो, मोटर जळते आणि कधी कधी जिवावर बेतते. ही निवड कशी करावी, याचे विवेचन येथे केले आहे.

एकाच नावाची निरनिराळी यंत्रे

मराठवाड्यात ‘कॉम्प्रेसर’ म्हटले की पुष्कळांच्या डोळ्यांपुढे विहिरीच्या कामाचा ट्रॅक्टर येतो. त्या ट्रॅक्टरवर बसविलेला कॉम्प्रेसर खडकात सुरुंगाची भोके पाडण्यासाठी असतो. त्याची हवा भरपूर व किंमत मोठी. घरच्या शेडमध्ये त्याचे काम नाही. काही ठिकाणी बोअरमधील पाणी हवेच्या जोरावर वर काढण्यासाठीही कॉम्प्रेसर वापरतात. त्याची निवड बोअरची खोली व पाण्याची पातळी पाहून करावी लागते. तो विषय निराळा आहे. येथे विचार करावयाचा आहे तो पंक्चरच्या दुकानात दिसतो त्या, दट्ट्याच्या व टाकीच्या कॉम्प्रेसरचा. पुण्यात किर्लोस्कर न्यूमॅटिक कंपनी १९५८ साली आणि कोइमतूर येथे एल्गी ही कंपनी १९६० साली सुरू झाली. हे यंत्र आपल्या देशात दीर्घकाळ तयार होत असून त्याचे सुटे भाग व कारागीर तालुक्याच्या गावी बहुधा मिळू शकतात.

प्रथम कामाची यादी करावी

दुकानात जाण्यापूर्वी घरी बसून एक यादी करावी. कोणकोणत्या चाकांत हवा भरावयाची? वर्षातून किती वेळा? हवा भरण्याखेरीज आणखी कोणते काम आहे? बहुतेक शेतकरी कुटुंबांची यादी अशी होईल : ट्रॅक्टरची चार चाके, ट्रॉलीची चाके, मोटारसायकल, रेडिएटर व अवजारे झटकणे आणि क्वचित अवजारांना रंग मारणे.

ज्यांच्याकडे केवळ मोटारसायकल व हातगाडी आहे, त्यांना पायाने दाबावयाचा पंप पुरेसा आहे. ट्रॅक्टर असून ट्रॉली नाही, त्यांनीही कर्ज काढून कॉम्प्रेसर घेण्याची घाई करू नये. चार-पाच ट्रॅक्टरधारकांनी किंवा गावातील अवजार बँकेने मिळून एक चांगले यंत्र घेणे हे प्रत्येकाने एकेक हलके यंत्र घेण्यापेक्षा अधिक शहाणपणाचे ठरते.

दाब आणि हवा : दोन वेगळ्या गोष्टी

कॉम्प्रेसरच्या निवडीतील सर्वांत मोठी चूक येथे होते. दाब म्हणजे हवा किती जोराने कोंडली आहे, हे माप. गावात त्याला ‘इतके पौंड हवा’ असे म्हणतात. यंत्रावर ते किलोग्रॅम दर चौरस सेंटिमीटर असेही लिहिलेले असते. एक किलो म्हणजे सुमारे १४ पौंड. ट्रॅक्टरच्या मागील चाकांत शेतकामासाठी साधारणतः १२ ते १६ पौंड, पुढील चाकांत त्याच्या जवळजवळ दुप्पट आणि भरल्या ट्रॉलीच्या चाकांत ५० पौंडांच्याही पुढे हवा लागते. नक्की आकडा ट्रॅक्टरच्या माहितीपुस्तिकेत व टायरच्या बाजूवर पाहावा. साध्या एकटप्पी कॉम्प्रेसरची टाकी सुमारे ८ किलो म्हणजे ११५ पौंडांपर्यंत भरते. शेतघरच्या चाकांना एवढा दाब पुरून उरतो. दोनटप्पी यंत्रात हवा एका सिलिंडरात दाबून, नळीत निववून, दुसऱ्या सिलिंडरात पुन्हा दाबतात. ते यंत्र सुमारे १२ किलोपर्यंत दाब देते. मालमोटारींची मोठी चाके रोज भरणाऱ्या दुकानदारास ते उपयोगी. घरी त्याची आवश्यकता सहसा नसते.

दाब पुरेसा असला तरी काम किती वेळात होईल, हे हवेच्या पुरवठ्यावर अवलंबून असते. यंत्र दर मिनिटास बाहेरील किती लिटर मोकळी हवा ओढून टाकीत प्रत्यक्ष पोहोचविते, हे ते माप होय. काही विक्रेते हे माप घनफुटांत सांगतात. एक घनफूट म्हणजे सुमारे २८ लिटर. विक्रेता पुष्कळदा सिलिंडरच्या आकारावरून काढलेला आकडा सांगतो. प्रत्यक्ष हवा त्याहून बरीच कमी, अनेकदा दोनतृतीयांश इतकीच असते. म्हणून ‘टाकीत प्रत्यक्ष किती हवा पोहोचते?’ असा प्रश्न स्पष्टपणे विचारावा. चांगल्या एकटप्पी यंत्रात एक अश्वशक्तीमागे मिनिटाला साधारण ८० ते ११० लिटर हवा मिळते.

हिशेब अवघड नाही

समजा, ट्रॉलीच्या एका टायरच्या पोटात १०० लिटर जागा आहे व त्यात ४ किलो म्हणजे सुमारे ५७ पौंड दाब हवा आहे. तर १०० गुणिले ४, म्हणजे ४०० लिटर मोकळी हवा त्यात कोंबावी लागेल. ट्यूब अगदी चपटी असेल तर पोट भरण्यासाठी आणखी १०० लिटर लागतील. मिनिटाला ९० लिटर देणारे एक अश्वशक्तीचे यंत्र हे काम पाच-सहा मिनिटांत करील. मिनिटाला १५० लिटर देणारे यंत्र तेच काम साडेतीन मिनिटांच्या आत करील. फरक दोन मिनिटांचा. वर्षातून दहा-वीस वेळा वाचणाऱ्या या दोन मिनिटांसाठी किती रक्कम अधिक मोजावयाची, हे ज्याचे त्याने ठरवावे.

झटकण्याच्या नळीचा हिशेब मात्र वेगळा आहे. ६ किलो दाबाखाली दोन मिलिमीटर तोंडातून मिनिटाला सुमारे २५० लिटर हवा निघून जाते. यंत्र १५० लिटर देत असेल तर १०० लिटरची तूट टाकीतून भरून निघते. १०० लिटरच्या टाकीतील दाब ८ किलोवरून ६ किलोवर येईपर्यंत तिच्यातून सुमारे २०० लिटर हवा मिळते. म्हणजे दोन मिनिटे जोराने झटकल्यावर थांबावे लागेल. शेतकऱ्याच्या कामास असे थांबत थांबत झटकणे चालते. परंतु रंगाची बंदूक किंवा हवेवर फिरणारे घासयंत्र सतत हवा मागते. ज्याला असे काम व्यवसाय म्हणून करावयाचे आहे, त्यानेच तीन अश्वशक्तीच्या व त्यावरील यंत्राचा विचार करावा.

यावरून हे ध्यानी येईल की, टाकी ही हवेची कणगी आहे; ती धान्य पिकवीत नाही. लहान यंत्रावर मोठी टाकी बसविल्याने हवा वाढत नाही, फक्त टाकी भरण्यास अधिक वेळ लागतो. ट्रॅक्टर, ट्रॉली व मोटारसायकल असलेल्या कुटुंबास एक ते दोन अश्वशक्तीची मोटर व ७० ते १०० लिटरची टाकी हे माप सर्वसाधारणपणे योग्य ठरते.

यंत्राची जात

बाजारात दोन जाती आढळतात. एक, मोटरलाच थेट जोडलेले, तेलाशिवाय चालणारे हलके यंत्र. ते स्वस्त असते व उचलून नेता येते. पण ते वेगाने फिरते, आवाज फार करते आणि लवकर तापते. दुसरी, पट्ट्यावर सावकाश फिरणारे, बिडाच्या सिलिंडरचे व तेलाचे यंत्र. ते जड असते, पण टिकाऊ असून गावच्या कारागिरास दुरुस्त करता येते. क्वचित वापरासाठी पहिले चालेल. दहा वर्षे वापरण्याच्या हिशेबाने घ्यावयाचे असेल तर दुसरे इष्ट. कोणतेही दट्ट्याचे यंत्र अखंड चालविण्यासाठी नसते. जितका वेळ चालेल, साधारण तितकीच विश्रांती त्यास मिळावी.

वीज आधी तपासावी

युसूफ वडगावसारख्या गावात यंत्राच्या निवडीत विजेचा विचार अगत्याचा आहे. शेतीपंपाच्या वाहिनीवर थ्री फेज वीज ठरावीक तासच असते. शिवाय ती जोडणी पंपासाठी मंजूर झालेली असल्याने तिच्यावर दुसरे यंत्र चालवू नये. घरच्या सिंगल फेज जोडणीवर दोन अश्वशक्तीपर्यंतची मोटर सामान्यतः चालते. मात्र घराचा मंजूर भार तेवढा असावयास हवा. सुरू होताना मोटर नेहमीच्या कित्येक पट प्रवाह ओढते. संध्याकाळी गावात विजेचा दाब २३० व्होल्टवरून पुष्कळ खाली येत असेल, तर मोटर नुसतीच घुमते, फिरत नाही आणि अखेर जळते. म्हणून खरेदीपूर्वी वायरमनकडून निरनिराळ्या वेळी व्होल्टेज मोजून घ्यावे.

पातळ वायरीने लांबून वीज नेऊ नये. किमान २.५ चौरस मिलिमीटर जाडीची तांब्याची तार, योग्य क्षमतेचा स्वयंचलित खटका आणि खरी अर्थिंग यांत काटकसर करू नये. इतरांची कामे पैसे घेऊन करावयाची असल्यास वीज जोडणीचा प्रकार बदलतो. त्याची चौकशी महावितरणच्या कार्यालयात आधीच करावी. अनुदान मिळेल असे गृहीत धरून यंत्र घेऊ नये. प्रथम कृषी कार्यालयात विचारावे, मग व्यवहार ठरवावा.

दुकानातील परीक्षा

घड्याळ व दाबमापक या दोन वस्तूंनी यंत्राची परीक्षा शेतकऱ्यास स्वतः घेता येते. टाकी पूर्ण रिकामी करून खालची तोटी बंद करावी व यंत्र सुरू करावे. दाबमापकाचा काटा ७ किलोवर येण्यास किती मिनिटे लागतात ते पाहावे. टाकीचे लिटर गुणिले ७, भागिले मिनिटे, म्हणजे यंत्राची मिनिटाची हवा. १०० लिटरची टाकी पाच मिनिटांत भरली, तर ७०० भागिले ५, म्हणजे १४० लिटर. विक्रेत्याने २५० सांगितले असतील, तर फरक जागेवरच उघड होईल.

त्यानंतर पुढील गोष्टी पाहाव्यात. टाकी भरल्यावर यंत्र आपोआप थांबते काय? थांबताना ‘फुस्स’ असा आवाज येतो काय? दट्ट्यावर कोंडलेली हवा सुटल्याची ती खूण आहे. ती सुटली नाही, तर पुढच्या वेळी मोटरला ओझ्याखाली सुरू व्हावे लागते. सुरक्षा झडपेची कडी ओढल्यास हवा सुटते काय? पट्ट्यावर जाळी आहे काय? टाकीवर कमाल दाबाची पाटी आहे काय? सांध्यांना साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात काय? एक मिलिमीटरच्या भोकातूनही ६ किलो दाबाखाली मिनिटाला सुमारे साठ लिटर हवा वाया जाते, म्हणजे लहान यंत्राची अर्ध्याहून अधिक कमाई.

जुने यंत्र घेताना

बंद पडलेल्या दुकानातील जुना कॉम्प्रेसर स्वस्तात मिळतो. त्याची मोटर गुंडाळून घेता येते, दट्ट्याच्या कड्या बदलता येतात. पण टाकी आतून गंजली असेल तर ती बाहेरून ओळखता येत नाही. हवेतील बाष्पाचे पाणी टाकीच्या तळाशी साचते आणि पत्रा आतून खाते. वरून नवा रंग दिलेला असतो. एखाद्या दिवशी पत्रा फाटतो आणि टाकी बॉम्बसारखी उडते. खालची तोटी उघडल्यावर गंजाचे तांबूस पाणी आले, टाकीवर ठिगळ किंवा वेल्डिंग दिसले अथवा पाटी नसली, तर तो सौदा सोडून द्यावा. इतर बाबतींत यंत्र चांगले वाटल्यास टाकीची पाण्याच्या दाबाने जाणकाराकडून परीक्षा करून घ्यावी. गॅसचे जुने सिलिंडर किंवा पिंप जोडून घरी टाकी बनविण्याचा मोह कटाक्षाने टाळावा.

कारखान्यांतील दाबाच्या साधनांसाठी १९४८ च्या कारखाना अधिनियमात ३१ वे कलम होते. घरच्या शेडमध्ये तपासणीस येणारा कोणी निरीक्षक नसतो. म्हणून तेथे मालकानेच निरीक्षक झाले पाहिजे.

वापरताना घ्यावयाची दक्षता

१. दररोज काम संपल्यावर टाकीचा दाब उतरवून खालच्या तोटीतून पाणी काढावे. पावसाळ्यात हे कधीही चुकवू नये.

२. ट्रॉलीच्या चाकास लॉक रिंग असेल, तर हवा भरताना ती नीट बसलेली नसल्यास उडून माणूस ठार होऊ शकतो. हवा भरण्यापूर्वी रिंग तपासावी. लांब नळी व चिमट्याचे तोंड वापरून चाकाच्या बाजूस, दूर उभे राहावे; समोर वाकू नये.

३. अंगावरील किंवा कपड्यांवरील धूळ या हवेने झटकू नये. थट्टेने कोणाच्या अंगावर हवा सोडणे हा खेळ नव्हे. दाबाची हवा शरीरात शिरून मृत्यू ओढवतो. झटकताना डोळ्यांवर चष्मा असावा.

४. विहिरीत गुदमरण्याची भीती असल्यास या कॉम्प्रेसरची हवा श्वासासाठी सोडून माणूस खाली उतरवू नये. तिच्यात तेलाची वाफ व इंजिनाचा विषारी धूर असू शकतो.

५. सुरक्षा झडप बांधून किंवा बंद करून ठेवू नये. टाकीवर वेल्डिंग करू नये. हवा वाहून नेण्यासाठी पाण्याचा पीव्हीसी पाइप वापरू नये. तो फुटून त्याच्या तुकड्यांनी इजा होते.

६. रेडिएटर झटकताना हवा पंख्याच्या बाजूने बाहेर मारावी. कागदी एअर फिल्टर आतून बाहेर व कमी दाबाने, साधारण ३० पौंडांच्या आत झटकावा. जोराच्या हवेने कागद फाटून धूळ इंजिनात जाते.

७. कॉम्प्रेसर कडब्याच्या गंजीपासून व डिझेलच्या साठ्यापासून दूर, सावलीत व वाऱ्यावर ठेवावा. सोयाबीनच्या मळणीच्या दिवसांत त्याची हवागाळणी वरचेवर साफ करावी. तेलाची पातळी दर वेळी पाहावी.

८. मुलांना शेडमध्ये एकटे सोडू नये.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी या विषयावर भाषण करण्यापेक्षा प्रात्यक्षिक करून दाखवावे. गावातील एखाद्या पंक्चर दुकानदाराच्या संमतीने त्याच्या यंत्राची घड्याळ लावून परीक्षा घ्यावी, टाकीतील पाणी काढून सर्वांना दाखवावे आणि साबणाच्या पाण्याने गळती शोधावी. अर्ध्या तासाच्या या प्रात्यक्षिकाने शेतकऱ्यांना जे समजेल, ते छापील पत्रकाने समजणार नाही. उसाच्या वाहतुकीचा हंगाम सुरू होण्यापूर्वी ट्रॉलीच्या रिंगांची तपासणीही त्याच वेळी करून घ्यावी.

कॉम्प्रेसर हे मिरविण्याचे यंत्र नव्हे. काम पाहून, हवा मोजून आणि टाकी पारखून घेतलेले लहान यंत्रसुद्धा पेरणीच्या दिवशी तिफण थांबू देत नाही. न पारखता घेतलेले मोठे यंत्र मात्र आधी पैसा खाते आणि पुढे घरच्या माणसांना धोका उत्पन्न करते.